माळ्यावरचा पेंढा

बाळाराम घरतला जळायला काडी लागत नसे. शेजाऱ्याच्या दारातला शेवगा आपल्या शेवग्यापेक्षा हातभर उंच गेला, तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. थोरला भाऊ आत्माराम याच्या लग्नात बेंजोचे दोन ताफे वाजले आणि आपल्या लग्नात एकच, ही गोष्ट लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तो विसरला नव्हता. कुणाच्याही हळदीला गेला की आधी बेंजो मोजायचा. त्याची बायको शालन म्हणायची, "यांच्या पोटात चूल हाय. लाकूड न्हाय घातला तरी पेटते." माणूस वाईट होता का? मुळीच नाही. त्याने कुणाचं कधी वाकडं केलं नाही. फक्त दुसऱ्याचं झालेलं चांगलं त्याच्या डोळ्यांत कुसळासारखं सलायचं, आणि ते त्याला लपवताही यायचं नाही.

तशी जळायला कारणंही होती म्हणा. वडिलांच्या काळात घरत मंडळी उन्हाळ्यात मिठागरात फळीने मीठ ओढायची आणि पावसाळ्यात गावाबाहेर हाटकेशच्या बाजूच्या शेतांत भात लावायची. बाळारामनेही तरुणपणी सात-आठ हंगाम मीठ ओढलं. मग मिठागरं सुनी पडत गेली, शेतं वडिलांच्या हयातीतच बिल्डरकडे गेली. वाटणीत आत्मारामला वरसाव्याची जमीन मिळाली. बाळारामच्या वाट्याला गावातलं कौलारू घर, मागचा गोठा आणि दोन म्हशी आल्या. दूध तो स्वतःच घरोघरी घालायचा. ज्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून आवणी केली, त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचे चार जिने किटली घेऊन चढायचे, बेल वाजवायची आणि "दूध!" म्हणून दाराबाहेर उभं राहायचं. दुसरा कुणी असता तरी जळला असता. हा तर बाळाराम.

लग्नानंतर सहा वर्षांनी त्याला मुलगी झाली. बारशाला त्याच्या म्हाताऱ्या बापाने नातीच्या कपाळाचा मुका घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खारट! पोर आगराची हाय रं. मिठाचा वंश हाय." मग पाहुण्या बायकांनी एकेक करून मुका घेतला, आणि खरंच, पोर खारट लागत होती. बाळाराम हरखून गेला. आत्मारामला चार पोरं, पण एकही खारट निघालं नव्हतं. पोरीचं नाव चांदणी ठेवलं आणि पुढची आठ वर्षं बाळाराम येईल त्याला सांगत सुटला, "घराण्याचा खरा मीठ उतरला तो हिच्यात." उन्हात खेळून आली की तिच्या कपाळावर पांढरी पूड दिसायची. तो ती बोटाने पुसून दाखवायचा.

पोर मात्र अंगाला लागत नव्हती. खायची दोन माणसांचं आणि दिसायची काडी. खोकला तर तिच्या पाचवीलाच पुजलेला. कुणी दमा म्हटलं, कुणी बाळदमा म्हटलं. भाईंदरच्या एका डॉक्टरने टीबी ठरवून नऊ महिने गोळ्या घातल्या. काही फरक पडला नाही. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिच्या दंडाला पट्टी बांधून घाम काढला, तो तपासला, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात याला. जन्मापासूनचा आहे. अंगातले सगळे स्राव घट्ट होतात. छातीतला कफ गोंदासारखा चिकट होतो, अन्न पचवणारा रस पोटात पोचत नाही. आणि घामातून मीठ जास्त जातं. तुम्हाला कधी जाणवलं नाही का, मुलगी खारट लागते ते?"

बाळारामने खाली मान घातली. आठ वर्षं ज्या गोष्टीची फुशारकी मारली, तीच दुखण्याची खूण निघाली होती. मिठागरवाल्यांच्या घरात पोर खारट लागली तर डॉक्टरकडे कोण धावेल? पेढेच वाटणार. डॉक्टरीणबाईंनी जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि वर म्हणाल्या, उन्हाळ्यात मीठ जरा जास्तच द्या. शालन त्या सगळ्यात एवढंच बोलली, "तेवढा हाय आमच्याकडं."

त्याच इस्पितळात बाळारामला आयुष्यात पहिल्यांदा पहिला नंबर मिळाला. कफ सुटावा म्हणून दिवसातून दोनदा मुलीची पाठ ठोकायची होती. डोकं खाली, कंबर उशांवर, आणि पाठीवर पोकळ हाताने ठेक्यात ठोकत जायचं. हात चपटा पडला तर नुसतं लागतं, कफ हलत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी आधी शालनला करायला सांगितलं. शालनने चार थापा मारल्या, पोर कळवळली, आणि शालनच रडत बाजूला झाली. मग बाळाराम पुढे झाला. मीठ ओढून घट्टे पडलेला त्याचा रुंद पंजा आपोआप वाटीसारखा वळला आणि घोड्याच्या टापांसारखा आवाज येऊ लागला. पाच मिनिटांत चांदणीने वाटीभर कफ काढला. बाईंनी शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ पोरींना हाका मारल्या, "या गं, हा हात बघून घ्या."

तेव्हापासून तो हात बाळारामचा अभिमान झाला. सकाळी म्हशी पिळून आला की एकदा, संध्याकाळी एकदा. चांदणी उशीत तोंड खुपसून पाढे म्हणायची. थापांनी तिचा आवाज थरथरायचा, "सऽतऽराऽ दुऽणेऽ चौऽतीऽस", आणि स्वतःच्याच आवाजाला ती खुदुखुदू हसायची. शालन पुढे कधी म्हणाली, "मना पन शिकवा, तुमी घरी नसलंव तर?" तर तो म्हणायचा, "तुज्या हाताला न्हाय येनार ते." खरं सांगायचं तर शालनचा हात वळला नाही, याचं त्याला मनातून बरंच वाटलं होतं. सगळ्या जगात एकच गोष्ट अशी होती जी फक्त बाळाराम घरतला जमत होती, आणि ती तो वाटून घ्यायला तयार नव्हता.

चार वर्षं अशी गेली. मग दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर मनोरमा राहायला आल्या.

त्या मूळच्या गिरगावच्या. नवरा ईश्वर बँकेत, मुलगी रुचिता सातवीत, चांदणीच्याच वर्गात. बोलायला अघळपघळ आणि दुसऱ्याचं नीट करून द्यायची भारी हौस. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाळारामची किटली आतून स्वच्छ आहे का ते वाकून पाहिलं होतं, तेव्हाच त्या त्याच्या डोक्यात गेल्या. चांदणी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जाऊ लागली. आधी अभ्यासाला, मग टीव्हीला, मग उगाचच. घरी आली की "काकू असं म्हणतात" आणि "काकूंकडे तसं करतात." एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, आमटी छान आहे."

"कं बोललीस?"

"छान आहे."

बाळारामचा घास हातातच राहिला. हाय म्हणणारी त्याची पोर आहे म्हणायला लागली होती. सुकट पुढे केली तर तिने ताट मागे ओढलं, काकूंकडे वरणभात खाऊन आले म्हणाली. त्याला वाटलं, शेत नेलं ते नेलं, आता त्या शेताच्या चौथ्या मजल्यावरून माझी पोरही ओढून नेतायत.

आणि एकदा मनोरमांनी दारात दूध घेताना थेट विचारलं, "बाळारामभाऊ, ते पाठ ठोकायचं मलाही दाखवा ना. इथे असताना तिला खोकला लागला की मी नुसती बघत बसते. जीव कासावीस होतो हो."

"ते कोनाच्याबी हाताला येत न्हाय, बाई," बाळाराम म्हणाला आणि माप नीट न भरताच जिना उतरला.

दिवाळीच्या सुट्टीत बिल्डिंगमधल्या पोरांनी किल्ला करायला घेतला आणि चांदणी रुचिताकडे दोन रात्री राहायला गेली. दोनाच्या चार झाल्या. पाठ ठोकायला बाळाराम सकाळ-संध्याकाळ वर जायचा. मनोरमा शेजारी उभ्या राहून बघतायत असं दिसलं की त्यांच्याकडे पाठ करून ठोकायचा. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हाताखाली छाती हलकी लागतेय. एरवी उजवीकडे खाली जी घरघर असायची ती नव्हती. कफ निघाला तो चमचाभर, तोही पातळ.

दुसरा बाप असता तर त्याने देवाला नारळ वाढवला असता. बाळारामच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला. "तुजी पाठ कोनी ठोकली?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही."

"खोटा नको बोलू. काकूंनी ठोकली?"

"नाही, बाबा! इथे मला खोकलाच कमी येतो."

तो विश्वास ठेवायला तयार नव्हता. नक्कीच त्या बाईने चोरून शिकून घेतलंय, त्याच्या माघारी हात चालवलाय आणि तो बरा चाललाय. दुसऱ्या दिवशी तो चांदणीला हाताला धरून घरी घेऊन आला आणि चौथा मजला बंद म्हणून सांगितलं. पोर रडली. रडता रडता म्हणाली, "तिकडे गादी पण मऊ आहे. आपल्या खाटेवर पाठ दुखते."

गादी! एवढंच ना? बाळाराम शिडी लावून माळ्यावर चढला.

घरतांच्या घरात माळ्यावर पेंढा कायम असायचाच. कापणी झाली की वरसाव्याहून आत्मारामच्या शेतातून गाडी यायची आणि चांदणीच्या खाटेच्या बरोबर वर, माळा आढ्यापर्यंत भरायचा. म्हशींची वैरण, आणि घराला ऊबही. माळ्यावर पेंढा असला की घर भरलेलं, असं बाप म्हणायचा. पावसाळ्यात फुटक्या कौलातून थोडं पाणी झिरपायचं, पेंढा भिजायचा, परत सुकायचा. त्याचं कुणाला काय? नवा पेंढा यायला अजून अवकाश होता, म्हणून बाळारामने तळातला गेल्या वर्षीचा उपसला. वरून करडी-हिरवी धूळ भसकन उडाली. त्याला ओळीने सात-आठ शिंका आल्या. शालनच्या दोन जुन्या चादरी जोडून त्याने त्यात पेंढा ठासून भरला, दाभणाने गादी शिवली, आणि पांढरी बाजू वर करून ती खाटेवर टाकली. त्याच्या बापाने थंडीत अशाच गाद्या केल्या होत्या आणि त्यावर आठ माणसं वाढली होती.

चांदणी त्यावर आडवी झाली, नाक खुपसलं आणि हसली. "शेताचा वास येतोय."

"कं? काकूंच्या गादीला येतो का असा वास?" बाळाराम म्हणाला. त्या रात्री त्याला झकास झोप लागली.

आठ दिवसांत चांदणीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. मग ताप आला. कफाबरोबर गुळाच्या रंगाचे चिकट खडे पडू लागले, तसे आजवर कधी पडले नव्हते. जिना सोडा, दारापासून न्हाणीपर्यंत जाताना ती दोनदा थांबायची. बाळारामने पाठ ठोकण्याच्या वेळा दोनाच्या चार केल्या. त्याच खाटेवर, त्याच गादीवर, जीव तोडून तो ठोकायचा, आणि जितकं ठोकावं तितकी पोर जास्त घुसमटायची. त्याचा हात पहिल्यांदाच हरत होता, आणि का हरतोय ते त्याला कळत नव्हतं.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई त्याच होत्या. शालन औषधं आणायला खाली गेली होती, पोरीच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. बाईंनी बाळारामला एकट्याला विचारलं, "घराबाहेर कुठे राहिली होती का मधे? तिथे बरं वाटत होतं की असंच?"

बाळारामला चौथा मजला आठवला. हाताखालची ती हलकी छाती आठवली. हो म्हणायचं म्हणजे काय? परक्या बाईच्या घरात माझी पोर बरी असते आणि माझ्या घरात आजारी पडते, हे आपल्या तोंडाने सांगायचं?

"न्हाय," तो म्हणाला. "आमच्याकडंच असते ती."

त्या एका न्हायची किंमत पोरीने मोजली. साधा जंतूंचा त्रास असेल म्हणून पंधरा दिवस तिच्या शिरेतून औषधं गेली. इस्पितळात ती थोडी सुधारली, खडे पडायचे थांबले नाहीत पण शिट्टी कमी झाली. घरी आणलं, खाटेवर त्याच गादीवर झोपवलं, आणि चौथ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले.

या वेळी बाईंनी रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं आणि चांदणीच्या हातावर धूळ, पराग, बुरशी अशा गोष्टींच्या अर्कांचे आठ-दहा थेंब टाकून सुईने हलकेच टोचलं. पंधरा मिनिटांनी बाकी सगळे थेंब जसेच्या तसे होते. एकाखाली मात्र गांधीलमाशी चावल्यासारखी गांध उठली होती. बाईंनी गांधीखाली रेघ मारली. "ही बुरशी आहे. ओलं गवत, कुजका पाला, भिंतीची ओल, यात वाढते. तिची पूड हवेत असते. तुमच्या-माझ्या छातीत जाते आणि बाहेर पडते. हिच्या छातीतला कफ चिकट, त्यात ती अडकून बसते आणि वाढते. पण खरं नुकसान बुरशी करत नाही. हिचं शरीर तिच्यावर इतकं भडकतं, की त्या भडक्यात स्वतःच्याच श्वासनळ्या सुजवून घेतं. सूज तशीच राहिली तर फुप्फुस कायमचं खराब होईल. म्हणून मला नीट सांगा. घरात ओल आहे? गवत आहे? कुठे राहिली की बरी असते?"

शालन या वेळी शेजारी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ती बोलली असती, पण पोरीच्या दुखण्याचं डॉक्टरांशी कायम तोच बोलायचा. बाळारामला करडी धूळ दिसली, स्वतःच्या शिंका आठवल्या, आणि मग सगळंच एकदम कळलं. त्या गादीवर पोरीला पालथी घालून तो चारचार वेळा ठोकत होता. प्रत्येक थापेसरशी पेंढ्यातली पूड उडत होती आणि उशीत नाक खुपसलेली पोर ती ओढून घेत होती. मनोरमांच्या गादीच्या जळफळाटात त्याने ती शिवली होती.

"माळ्यावर पेंढा हाय," तो म्हणाला. "भिजका. त्याची गादी मी केली तिला. आन बाई, मागच्या टायमाला मी खोटा बोललो. चौथ्या मजल्यावर एक बाई हाय, मनोरमाबाई. तिच्या घरात पोर बरी असते. चार दिवस होती, छाती साफ होती. मना ठाव व्हता."

शालन खुर्ची सरकवून त्याच्याकडे पाठ करून बसली. तेच त्याला जास्त झोंबलं.

सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या, बुरशीवरच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्या काही महिने घ्यायच्या होत्या. बाईंनी बजावलं, माळा रिकामा करून, कौलं बदलून, भिंती पूर्ण सुकेपर्यंत मुलीने त्या घरात पाऊल टाकायचं नाही. पेंढ्यात हात घालणाऱ्याने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. आणि पाठ ठोकणं एक दिवसही चुकवायचं नाही, आता तर मुळीच नाही.

मनोरमा रुचिताच्या वह्या घेऊन इस्पितळात आल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "त्यात काय विचार करायचा? आमच्याकडे राहील. रुचिताच्या खोलीत." बाळाराम भिंतीकडे बघत म्हणाला, "भाड्याची खोली बघतो मी." तेव्हा शालन त्याच्याकडे वळली. "खोली बघंपरंत पोरीनं शास कुठं घ्यायचा? तुमच्या पोटातल्या चुलीवर?" त्यानंतर खोलीचा विषय निघाला नाही.

म्हशी म्हणजे पेंढा आलाच, त्यामुळे त्या घरामागे ठेवणं शक्य नव्हतं. ज्या भावाचे दोन बेंजो बाळाराम आयुष्यभर मोजत आला, त्याच्याच दारात तो वरसाव्याला जाऊन उभा राहिला. आत्माराम बिचारा लगेच म्हणाला, "आन की. गोठा रिकामाच हाय." म्हणजे आता पहाटे आणि संध्याकाळी दूध काढायला बाळारामने वरसाव्याला असायचं, आणि पाठ ठोकायच्या वेळाही नेमक्या त्याच. दूध सोडलं तर औषधं कशाने आणायची? शालनला तर हात लावायचीही भीती. दोन दिवस त्याने सगळीकडून हिशेब लावून पाहिला. कसाही लावला तरी उत्तर चौथ्या मजल्यावरच येत होतं.

रविवारी दुपारी तो साबण लावून दोनदा नाहला, गौरी-गणपतीचा शर्ट घातला आणि किटली न घेता चार जिने चढला. मनोरमांनी दार उघडलं. तो चप्पल काढता काढता म्हणाला, "बाई, तुमाला शिकायचा व्हता ना? चला."

पोरीच्या पाठीवर नवशिका हात चालवू द्यायला तो तयार नव्हता. म्हणून स्वतःच स्टुलावर पाठमोरा बसला. "आदी माज्यावर ठोका." ईश्वररावांनी पेपर बाजूला ठेवला आणि मजा बघत बसले. मनोरमांचा पहिला हात सपकन पडला.

"चपटा," बाळाराम म्हणाला. "भाकरी थापताव काय? वाटी करा. पालथी वाटी."

दुसरा पडला, दहावा पडला, तिसावा पडला. "मनगट सोडा. ताकत नको, हवा धरा हातात. परत. परत!" आणि खरं सांगू? प्रत्येक चुकलेल्या थापेला त्याला मनातून गुदगुल्या होत होत्या. जमत नाहीये, जमणार नाही, माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आणि मग अर्ध्या तासाने त्याच्या पाठीवर एकाएकी टापांचा आवाज झाला. पोकळ, भरदार, बरोबर. त्याच्या स्वतःच्या छातीत ती थाप पोचली. तो स्टुलावरून उठला.

"जमला," तो शेवटी म्हणाला. "चला आत."

रुचिताच्या पलंगावर चांदणी उशांवर पालथी झाली. गोळ्यांनी तिचा चेहरा जरा सुजला होता, पण ओठांना रंग आला होता. बाळारामने सुरुवात केली. तिने उशीत तोंड खुपसून सतराचा पाढा धरला. सतरा त्रिक एक्कावन्नला त्याने मनोरमांना डोळ्यांनी खूण केली, हात उचलला आणि आवाज न करता बाजूला झाला. मधला ठेका न सोडता मनोरमांचा हात पडला.

"सऽतऽराऽ चोऽक अऽडुऽसऽष्ट."

बाळाराम भिंतीला टेकून ऐकत होता. पोरीच्या आवाजातली थरथर तो कान लावून तपासत होता. कुठे मोडते का, कुठे अडखळते का. मोडावी असंही वाटत होतं आणि मोडू नये असंही. थरथर कुठेच मोडली नाही. पाढा संपायच्या आत चांदणीला उबळ आली, तिने डोकं आणखी खाली झुकवून पलंगाखालच्या भांड्यात मोठा गोळा टाकला, लांब श्वास ओढला आणि परत उशीत तोंड घातलं.

"बाबा," ती उशीतूनच म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडी घरचे शब्द आले होते. "तुज्यासारका कोनालाच न्हाय जमत. काकूंना तर न्हायच जमनार."

मनोरमांचा हात तिच्या पाठीवर थांबला. त्यांनी बाळारामकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. असू दे, म्हणाल्या जणू. आयुष्यभर जे ऐकायला तो तडफडत होता, ते पोर आपणहून बोलली होती. गप्प राहिलं असतं तर ते त्याचंच राहिलं असतं.

बाळाराम भिंतीपासून पुढे झाला.

"पोरी," तो म्हणाला, "हा हात काकूंचा हाय. मी कवाचा बाजूला उभा हाय."